सिस्टरांचा बर्नआउट मोजायचा कसा? मराठी प्रश्नावलीसाठी मदत हवी

प्राजक्ता_सिस्टर

नमस्कार मंडळी.

मी गेली चौदा वर्षं स्टाफ नर्स आहे आणि सध्या एमएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. प्रबंधाचा विषय मीच हट्टाने घेतला: आमच्या जिल्ह्यातल्या वॉर्डांत काम करणाऱ्या सिस्टर आणि ब्रदर यांचा बर्नआउट, म्हणजे कामाने आतून रिकामं होत जाणं, मोजणे. गाइड मॅडमचा होकार आहे, प्रस्ताव एथिक्स कमिटीकडे जायचाय, आणि मी अडले आहे ती मराठीवर.

विषय का घेतला ते आधी सांगते. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण मेडिकल वॉर्डला होती. नाइट संपवून ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवताना, ती प्रत्येक पेशंटबद्दल रजिस्टरात नसलेलं काहीतरी सांगायची. ‘सात नंबरच्या आजींना उजव्या कुशीवर झोप लागते.’ ‘अकराचा मुलगा सुईला नाही, स्पिरिटच्या वासाला घाबरतो.’ हळूहळू हे थांबलं. शेवटी शेवटी ती नुसतं वाचून दाखवायची: आयव्ही चालू, बीपी अमुक, युरिन आउटपुट तमुक. कामात चूक नव्हती, ड्युटीला उशीर नव्हता. मग एके दिवशी राजीनामा दिला. मेट्रन ऑफिसातल्या एकाही कागदावर तिच्यात काही बदल झाल्याची नोंद नव्हती. ती नोंद कशी करायची हे मला शिकायचं आहे.

समोर दोन प्रश्नावल्या आहेत. पहिली मास्लाक बर्नआउट इन्व्हेंटरी. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी ती १९८१ मध्ये मांडली. एकूण २२ विधानं: ९ भावनिक थकव्याची, ५ माणसांपासून तुटत जाण्याची आणि ८ ‘माझ्या हातून काही चांगलं घडतंय’ या भावनेची. प्रत्येकाला ‘कधीच नाही’पासून ‘रोज’पर्यंत ० ते ६ गुण. सगळीकडे हीच वापरलेली दिसते, पण ती विकत घ्यावी लागते. दुसरी कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी, डेन्मार्कच्या टागे क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांची, २००५ ची. यात १९ प्रश्न: ६ एकूण थकव्याचे, ७ कामामुळे येणाऱ्या थकव्याचे, ६ ज्यांची सेवा करतो त्यांच्यामुळे येणाऱ्या थकव्याचे. ही मोफत आहे.

माझा कल दुसरीकडे आहे, आणि कारण फक्त पैशाचं नाही. क्रिस्टेन्सेन यांनी लिहिलंय की मास्लाकचे काही प्रश्न डॅनिश कर्मचाऱ्यांना झोंबले. मी माणसांना वस्तूसारखं वागवते का, असं थेट विचारल्यावर लोक चिडले. आमच्या सिस्टर तर तो कागद तिथल्या तिथे परत करतील. रात्रभर पेशंटचं अंथरूण बदलणाऱ्या बाईला हे विचारायचं तरी कुठल्या तोंडाने?

भाषा तपासायला पाच मैत्रिणींना कच्चं भाषांतर दिलं. ‘सकाळी उठल्यावर आणखी एक दिवस काम करायचं या विचारानेच दमल्यासारखं होतं का?’ या प्रश्नापाशी नाइटवाली थांबली. म्हणाली, ‘मी सकाळी उठत नाही गं, सकाळी झोपते.’

तर मदत करा. शब्द, आकडेमोड, अनुभव, काहीही चालेल.

आकडेमोड

धागा आवडला. मी संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा माझ्या बाजूचं बोलतो.

मास्लाक घेतलीच तर तिन्ही गटांची बेरीज करून एकच आकडा काढू नका. अनेक प्रबंधांत हे पाहिलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो. थकवा प्रचंड आणि तरीही कामाचा अभिमान शाबूत, असं माणूस असू शकतं. नर्सिंगमध्ये तर असतंच. बेरजेत ते माणूस गायब होतं.

दुसरं, ‘इतके टक्के नर्स बर्नआउट झाल्या’ असं वाक्य लिहायची घाई नको. भावनिक थकव्यात २७ किंवा जास्त गुण म्हणजे ‘तीव्र’, ही पट्टी वर्षानुवर्षं चालली. मास्लाकच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीतून त्या सीमारेषा काढून टाकल्या, कारण निदानासाठी त्यांना आधार नव्हता. २०१८ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा आला होता. त्यात प्रमाण ० पासून ८०.५ टक्क्यांपर्यंत कुठेही होतं, आणि बर्नआउट ठरवायच्या किमान १४२ वेगवेगळ्या व्याख्या सापडल्या. पट्टी बदलली की आजार वाढतो किंवा घटतो. सरासरी द्या, गुण कसे पसरलेत ते द्या, वॉर्डावॉर्डातला फरक दाखवा.

कोपनहेगनचं गणित सोपं आहे. ‘किती वेळा’ विचारणाऱ्या प्रश्नांना नेहमी १००, बरेचदा ७५, कधीकधी ५०, क्वचित २५, कधीच किंवा जवळजवळ कधीच नाही ०. समजा एकीने पहिल्या सहा प्रश्नांना १००, ७५, ७५, ५०, ७५, ५० अशी उत्तरं दिली. बेरीज ४२५, भागिले ६, म्हणजे साधारण ७१. बऱ्याच ठिकाणी ५० च्या वर गेलं की लक्ष द्या म्हणतात, पण तोही संकेतच समजा. आणि सुट्टीत घरच्यांसाठी पुरेशी ताकद उरते का, हा प्रश्न उलटा आहे. तिथे ‘नेहमी’ला ० धरायचं. एक्सेलमध्ये हमखास चूक होते ती इथेच.

अनिकेत_ब्रदर

सगळ्यात आधी एक विनंती. फॉर्मवर वय, लिंग, विभाग आणि अनुभव हे चारही रकाने एकत्र ठेवू नका.

मी पूर्वी एका खासगी रुग्णालयात आयसीयूला होतो. तिथे असाच सर्व्हे झाला. ‘नाव लिहू नका, पूर्ण गोपनीय आहे’ म्हणून सांगितलं. आमच्या आयसीयूत पुरुष स्टाफ मी एकटा. ‘लिंग: पुरुष, विभाग: आयसीयू’वर टिक केली तिथेच माझं नाव लिहून झालं होतं. फॉर्म गोळा करायला आल्या त्या नर्सिंग सुपरिंटेंडंट, आणि उभ्या उभ्या चाळत होत्या. मी सगळीकडे ‘क्वचित’ भरलं. माझ्या शेजारच्या सिस्टरनेही. त्या महिन्यात आम्ही दोघांनी किती डबल (सलग दोन पाळ्या) केल्या होत्या ते ड्युटी रजिस्टरला माहीत होतं, सर्व्हेला नाही.

नंतर कळलं की निकाल उत्तम आला.

तुषार_क

विषयाबद्दल आदर ठेवून एक प्रश्न. पोलीस थकतात, एसटीचे कंडक्टर थकतात, शेतकरी तर विचारूच नका. थकव्याला बर्नआउट हे नाव देऊन वेगळं काय साधतं? आठ तास नीट झोप मिळाली तर यातलं बरंचसं जाईल असं वाटतं. कुणाला दुखवायचं नाही, खरोखर समजून घ्यायचंय.

प्राजक्ता_सिस्टर

आकडेमोड, उलट्या प्रश्नाची नोंद वहीत केली. अनिकेत, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या फॉर्मवर हे चारही रकाने होते. आता वय पाच-पाच वर्षांच्या गटात घेईन, लिंग काढून टाकते, आणि लहान विभाग एकत्र करून ‘क्रिटिकल केअर’ लिहिते.

तुषार, प्रश्न रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट घेतला तो आजार म्हणून घेतला नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून घेतला. खुणा तीन दिल्यात: शक्ती संपून जाणं, कामापासून मनाने दूर जाणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपण काही उपयोगाचे उरलो नाही असं वाटणं. झोपेने पहिली कमी होईल. माझी ती मैत्रीण सुट्टी घेऊन पंधरा दिवस माहेरी राहून आली होती. चेहरा टवटवीत झाला, पण ओव्हर देताना ‘सात नंबरच्या आजी’ परत आल्या नाहीत.

कंडक्टरांचं मोजायला हवंच. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी हा शब्द लेखात आणला तो न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांना पाहून, म्हणून सुरुवात सेवेच्या कामांपासून झाली. कोपनहेगनचे पहिले सहा प्रश्न तर कुणालाही विचारता येतात.

मीनल_डब्लिन

मूळची सांगलीची, सध्या आयर्लंडमध्ये स्टाफ नर्स. वाचून राहवलं नाही.

प्राजक्ता, प्रश्नावली जरूर घे, पण तिच्यासोबत त्या आठवड्याचा रोस्टरही, म्हणजे ड्युट्यांचा तक्ताही घे. माझं ठाम मत आहे की रोस्टरशिवाय बर्नआउटचा आकडा अर्धवट आहे. अमेरिकेतल्या नर्सिंग संशोधक लिंडा ऐकन यांचा २००२ चा अभ्यास तुला माहीत असेलच. पेन्सिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं, दहा हजारांवर नर्स. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की तिच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली, आणि शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी. मला हा अभ्यास प्रिय आहे कारण त्यात सिस्टरचा शीण आणि पेशंटचा जीव एकाच कागदावर आले.

आमच्याकडे २०१८ पासून वॉर्डाची गरज ‘एका पेशंटमागे दिवसाला नर्सिंगचे किती तास’ अशी मोजायची पद्धत आणली आहे. सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही, इथेही मुली रडतात. पण इन्चार्जला वर बोलायला हातात काहीतरी असतं. सांगलीच्या जवळ मी काम करत होते तेव्हा नाइटला दोघी आणि खाटा चाळीस, शिवाय खाली गाद्या. तेव्हा माझ्याकडे बोलायला फक्त रडणं होतं.

आपल्याकडे आयसीयूसाठी एका पेशंटला एक नर्स हा निकष कागदावर आहेच ना? मग प्रत्येक फॉर्ममागे एवढं लिहून घे: या पाळीत माझ्याकडे किती पेशंट होते, महिन्यात किती ऑफ रद्द झाले, किती डबल केल्या.

सुमनताई

मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले. टायपिंग हळू आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

प्राजक्ता बाळा, तुझ्या मैत्रिणीचं वाचलं आणि मला माझ्या हाताखालची एक सिस्टर आठवली. फिमेल सर्जिकलला होती. ही मुलगी सलाइनचा वेग बघायला गेली की आधी पेशंटच्या मनगटाला हात लावायची. हात गार आहे का, सुईपाशी सूज आहे का ते बोटांना कळतं, मग नजर वर बाटलीकडे. राउंडला मी दारात उभी राहून हे कितीदा पाहिलंय. मग एका वर्षी पाहिलं तर ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून थेंब मोजत होती. घड्याळ धरून, अगदी बरोबर मोजत होती. पण हात लावत नव्हती. मी तिला त्या वेळी काय म्हटलं असेल? ‘जरा कामात लक्ष दे.’ एवढंच म्हटलं. आणि वर्षअखेरीला सीआरमध्ये, म्हणजे तिच्या गोपनीय अहवालात, ‘उत्साह कमी’ असं लिहिलं. तिच्या वॉर्डात सहा महिने एक जागा रिकामी होती, ती भरून घ्यायला मी किती भांडले ते मात्र त्या सीआरमध्ये कुठेच लिहायची सोय नव्हती. खरं सांगायचं तर फार भांडलेही नव्हते.

आम्ही मोजत नव्हतो असं नाही. बेडशीट मोजायचो, सिरिंजा मोजायचो, ओव्हरच्या वेळी कात्र्या मोजायचो. कात्री कमी भरली तर घरी सोडत नव्हतो.

तू विचारतेस ते शब्द. ‘भावनिक थकवा’ हा पुस्तकी शब्द आहे, वॉर्डात कुणी बोलत नाही. आमच्या मुली ‘शीण’ म्हणायच्या अंगाच्या थकव्याला, आणि मनाचं म्हणायचं असेल तर ‘जीव विटलाय’. माणसांपासून तुटण्याला ‘निबर झाले मी’. हा शब्द दुखावत नाही. पायाची टाच निबर होते तशी, चालून चालून. त्यात दोष टाचेचा नसतो.

शब्दवेल्हाळ

सुमनताई, ‘निबर’ला दाद देतो.

उत्तरांच्या पर्यायांबद्दल सांगतो. ‘कधीतरी’ ठेवू नका, ‘कधीकधी’ ठेवा. ‘कधीतरी’ म्हणजे कुणाला वर्षातून एकदा वाटतं, कुणाला ‘पुढे केव्हातरी’ वाटतं. ‘क्वचित’ला काही भागांत बोलीत ‘एखाद्या वेळी’ म्हणतात, तेही कंसात द्या. आणि ‘तुम्ही भावनिकदृष्ट्या थकलेले असता का?’ असली वाक्यं मोडून टाका. ‘मन थकून गेल्यासारखं किती वेळा वाटतं?’ एवढं पुरे. भाषांतर झालं की मूळ प्रश्न न वाचलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून घ्या. कुठे सांडलं ते लगेच दिसतं.

‘बेड बारा’ म्हणण्यावर प्रश्न घालणार होतात का? माझी बहीण नर्स आहे, ती घरी पेशंटबद्दल बोलताना नाव कधीच घेत नाही, खाटेचा नंबरच घेते. त्यात प्रेम कमी आहे असं मला कधी वाटलं नाही.

प्राजक्ता_सिस्टर

नाही, तो प्रश्न काढला. औषध देताना नाव आणि नोंदणी क्रमांक पडताळायचाच असतो, खाटेच्या नंबरावर औषध द्यायचं नसतं. पण बोलताना नंबर येतो तो सवयीने. त्याला निबरपणा म्हणणं अन्याय होईल.

आणखी एक अडचण. कोपनहेगनमध्ये ‘क्लायंट’च्या जागी आपल्या कामाला लागू तो शब्द घालायची मुभा आहे, म्हणून मी ‘रुग्ण’ घातला. पाचपैकी तिघी म्हणाल्या, ‘रुग्णांचा त्रास नाही गं, नातेवाइकांचा आहे.’ एकीला तर महिन्यापूर्वीच पेशंटच्या भावाने ढकललं होतं. ‘रुग्णांबरोबर काम करणं जड जातं का?’ याला तिने ‘कधीच नाही’ भरलं आणि मग पेन खाली ठेवून बसून राहिली. तिचा आकडा शून्याजवळ येईल आणि तो खोटा असेल. म्हणून नातेवाइकांचे दोन प्रश्न वेगळे घालायचं ठरवतेय.

आकडेमोड

घाला, पण १९ च्या बाहेर. गुणांत मिसळू नका, नाहीतर दुसऱ्या कुठल्याच अभ्यासाशी तुलना करता येणार नाही. सकाळच्या प्रश्नात ‘ड्युटीला निघण्याआधी’ असा बदल केलात तर प्रबंधात तसं स्पष्ट लिहा.

आणि ज्या सोडून गेल्या त्या तुमच्या यादीत नाहीत, हे विसरू नका. तुमची मैत्रीण आज या सर्व्हेत असती तर सरासरी वर गेली असती. जमल्यास गेल्या दोन वर्षांतले राजीनामे आणि बदलीचे अर्ज वॉर्डनिहाय मोजा.

अनुजा_समुपदेशक

एक गोष्ट कळकळीने सांगते. बर्नआउट आणि नैराश्य बाहेरून सारखे दिसू शकतात. कामावरून घरी आल्यावर, सुट्टीतही, आवडीच्या गोष्टीतही काही वाटेनासं झालं, जगणंच नको वाटू लागलं, तर ते बर्नआउटच्या फॉर्मवर सोडून चालणार नाही. तुमचे फॉर्म निनावी आहेत, म्हणजे कुणी अगदी टोकाचं लिहिलं तरी तुम्हाला तिच्यापर्यंत पोहोचता येणार नाही. म्हणून फॉर्मसोबत वेगळी चिठ्ठी द्या, घरी नेता येईल अशी. तिच्यावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ लिहा, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

निकालानंतर ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’चं एक सत्र एवढ्यावर हे संपू देऊ नका. मी अशी सत्रं घेते, तरीही म्हणते. एकदा नाइट करून आलेल्या मुलींना सक्तीने बसवलं होतं. दीर्घ श्वास घ्या म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या दोघी बसल्या जागी झोपल्या. मी बोलणं थांबवलं, दिवे मालवले आणि उरलेला तास सगळ्यांना झोपू दिलं.

केदार_०९

आई सिव्हिलला सिस्टर होती. सुट्टीत घरच्यांसाठी ताकद उरते का, हा प्रश्न वाचला. आई नाइटवरून आली की चप्पल काढून दाराजवळच्या स्टुलावर बसायची, कधी कधी अर्धा तास. आम्ही शाळेचं सांगायला धावायचो तर आजी खूण करून थांबवायची. आम्हाला वाटायचं ती रागावलीय.

हा प्रश्न काढू नका.

तुषार_क

माझ्या प्रश्नाला मनापासून उत्तरं दिलीत, आभारी आहे. मीनलताईंचं रोस्टरचं पटलं. फक्त प्रश्नावली असती तर मी म्हटलं असतं, माणूस कच्चा आहे. बाजूला पेशंटची संख्या ठेवली की ते म्हणता येत नाही.

प्राजक्ता_सिस्टर

तुषार, प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात मला हेच सांगायचं होतं आणि चार पानं लिहूनही जमलं नव्हतं.

आतापर्यंत ठरलेलं असं. कोपनहेगनचे १९ प्रश्न, वॉर्डातल्या मराठीत. नातेवाइकांचे दोन वेगळे. मागच्या पानावर पेशंट, रद्द झालेले ऑफ आणि डबल. राजीनाम्यांची यादी मिळाली तर सोबत. काही शब्द असे झालेत, खटकले तर सांगा:

‘आता माझ्याने होणार नाही, असं किती वेळा मनात येतं?’

‘ड्युटी संपल्यावर गळून गेल्यासारखं वाटतं का?’

‘रुग्णांबरोबरचं हे काम आपण अजून किती दिवस करू शकू, असा विचार मनात येतो का?’

‘सुट्टीच्या वेळी घरच्यांसाठी आणि मित्रमैत्रिणींसाठी पुरेशी ताकद उरते का?’ (केदार, ठेवला आहे.)

एक गाठ मात्र सुटत नाही. फॉर्म गोळा कुणी करायचे? इन्चार्जकडे दिले तर अनिकेत म्हणतात तसं होणार. मी वॉर्डात जाऊन घेतले तर अक्षरावरून मी निम्म्या जणींना ओळखते, आणि त्यांनाही ते माहीत आहे. गूगल फॉर्मला फोन नंबर दिसेल अशी भीती आहे, कितीही समजावलं तरी.

सुमनताई

कुलूपबंद पेट्या करून चेंजिंग रूममध्ये ठेव, नर्सिंग स्टेशनवर नको. किल्ली माझ्याकडे दे. मी पेट्या उघडीन, आकडे कागदावर उतरवीन आणि तुला फक्त आकडे देईन. मूळ फॉर्म कुणाला दाखवणार नाही, तुलाही नाही. मी आता कुणाची सीआर लिहीत नाही, मला घाबरायचं कुणाला कारण उरलेलं नाही. गुडघे दुखतात पण बसून करायचं काम आहे. तुझ्या गाइड मॅडमना आणि कमिटीला चालतं का ते आधी विचार.

आणि उलटा प्रश्न कुठला ते मला लाल पेनाने खूण करून दे.

प्राजक्ता_सिस्टर

ताई, मॅडमना आत्ताच फोन केला. कमिटीच्या अर्जात तुमचं नाव लिहायचं आहे, त्यासाठी संमतीपत्र लागेल. शनिवारी दुपारच्या एसटीने येते, कागद आणि लाल पेन घेऊन.